डावीकडचे चित्र

जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे सोडून पाने चाळू लागले, की कथा-कवितांच्या आधी जाहिरातीच डोळ्यांत भरतात. कुठे केशवर्धक तेल, कुठे शक्तिवर्धक गोळ्या, कुठे मुखकांती उजळविणारी मलमे. त्यांची मांडणी बहुधा एकच असे. एका चौकटीत शेजारी शेजारी दोन माणसे. डावीकडचा रोडका, खप्पड गालांचा आणि उजवीकडचा हसतमुख, भरदार. डावीकडच्याखाली ‘आधी’, उजवीकडच्याखाली ‘नंतर’. औषधाचे नाव आपण विसरतो, पण ते दोन चेहरे ध्यानात राहतात. हातच्या काकणाला आरसा कशाला, हेच त्या चौकटीचे सांगणे असते.

आज ही चौकट जाहिरातीच्या पानावरून उठून थेट डॉक्टरांच्या दालनात जाऊन बसली आहे. नाक सरळ करणे, पोट आवळणे, केस रोवणे यांच्या जोडचित्रांची आता कोणाला नवलाई राहिलेली नाही. अलीकडे तर स्त्रियांच्या गुह्यांगावर केवळ रूपासाठी शस्त्रक्रिया करणारे दवाखानेही मोठ्या शहरांतून निघाले आहेत. कॉस्मेटिक गायनॅकॉलॉजी असे त्या शाखेचे नाव. तिथे येणाऱ्या स्त्रीपुढेही अशीच दोन छायाचित्रे ठेवली जातात. विषय नाजूक आहे, सणासुदीच्या घरात चारचौघांत बोलण्याजोगा नाही, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या गोष्टी चारचौघांत बोलल्या जात नाहीत, त्याच एकट्यादुकट्या बाईला अंधारात गाठतात. तेव्हा या दोन चित्रांची कुळकथा एकदा पाहून घेणे बरे. आणि तिचा आरंभ लंडनला किंवा न्यूयॉर्कला नाही, आपल्या पुण्याला सापडतो.

सन १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र प्रसिद्ध झाले. खाली सही होती ती ‘बी. एल.’ एवढ्याच अक्षरांची. पत्रासोबत एक चित्र होते. त्यात दिसणारा गडी म्हणजे कावसजी. नाव वाचून आपल्याला तो पारशी वाटतो. पण पत्रात त्याला मराठा, शेतकरी जातीचा म्हटले आहे. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकीत असे. टिपूशी झालेल्या १७९२ च्या लढाईत तो कैद झाला आणि शत्रूने त्याचे नाक व एक हात कापून त्याला सोडून दिले. नाक कापणे या शब्दांचा आपल्या भाषेत जो अर्थ आहे, तो पुरा त्याच्या तोंडावर लिहिला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. हा कारागीर विटा पाडणाऱ्या जातीतला, म्हणजे बहुधा कुंभार. मुंबई इलाख्यातल्या क्रूसो आणि फिंडले या दोन डॉक्टरांनी अशी क्रिया होताना प्रत्यक्ष पाहिली होती.

ती क्रिया वाचताना आजही अचंबा वाटतो. आधी मेणाचा पातळ पत्रा उरल्या नाकावर बसवून नव्या नाकाचा घाट पाहायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. रेघेच्या आतले कातडे सोडवून घ्यायचे. मात्र दोन भुवयांच्या मधे एक चिंचोळी पट्टी जोडलेली राखायची, म्हणजे त्या वाटेने रक्त खेळते राहते. मग ते कातडे अर्धा पीळ देऊन खाली वळवायचे आणि जुन्या नाकाच्या ताज्या केलेल्या कडांत बसवायचे. सांधा धरून ठेवायला काय, तर कात! आपण विड्याला लावतो तोच. पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर पसरायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या चिंध्या लावायच्या. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती मधली पट्टी तोडली, की नाक स्वतंत्र झाले. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातड्याचे नाक सांगितले आहे. पुण्याच्या कारागिराने कपाळाचे केले. विद्या ग्रंथातून उतरून हातांत कशी टिकून राहते, याचा हा दाखलाच.

कावसजीचे चित्र काढले जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे रंगविली, तोच हा वेल्स. शस्त्रक्रियेला दहा महिने उलटल्यावर, १७९४ च्या जानेवारीत, त्याने कावसजीला समोर बसवले. हे दहा महिने महत्त्वाचे आहेत. घाव ताजा असताना, सूज असताना, नाक टिकते की गळते हे ठरलेले नसताना काढलेले ते चित्र नव्हे. काळाने निकाल दिल्यानंतरचे ते चित्र आहे.

आणखी एक गोष्ट त्या चित्रात लक्षात येते. त्यात ‘आधी’ नाही. नकट्या कावसजीचे चित्र कोणी काढले नाही, कारण त्याची गरजच नव्हती. मूळचे नाक कसे असते हे साऱ्या जगाला ठाऊक होते आणि ते कोणी व कसे नाहीसे केले तेही पत्रात लिहिले होते. डावीकडची चौकट मोकळी ठेवूनही ती साक्ष पुरी होती. उणीव एकच राहिली. रोग्याचे नाव आपल्याला कळते, चित्रकाराचे कळते, साक्षीदार डॉक्टरांची कळतात. ज्या हातांनी नाक घडविले त्या पुणेकराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

ते पत्र वाचून लंडनचा शस्त्रवैद्य जोसेफ कार्प्यू वेडावून गेला. कित्येक वर्षे त्याने प्रेतांवर हात बसविला आणि १८१४ च्या ऑक्टोबरात एका लष्करी अधिकाऱ्यावर ही क्रिया केली. त्या काळी भूल नव्हती. १८१६ साली त्याने आपल्या दोन रोग्यांवर पुस्तक लिहिले आणि त्यात त्यांची चित्रे छापली. अशा रीतीने पुण्याचे नाक युरोपात गेले.

पुढे १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणकला जाहीर झाली आणि चित्रकाराच्या कुंचल्याची जागा काचेच्या भिंगाने घेतली. चित्रकार खुशामत करील, भिंग करणार नाही, अशी लोकांची श्रद्धा. डॉक्टरांना तर हा हक्काचा साक्षीदार मिळाला. बर्लिनचे अस्थिवैद्य हेर्मान बेरेंड यांनी १८५२ पासून वाकड्या हातापायांच्या रोग्यांचे उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो काढविले. आपल्या मुंबईतही १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर आणि त्याचबरोबर निष्णात छायाचित्रकारही होते. एकाच माणसाच्या हाती नाडी आणि कॅमेरा, हा योग त्या काळात जगभर जुळून येत होता.

इंग्लंडमध्ये तो योग डॉ. ह्यू डायमंड यांच्या ठायी जुळला. सरे परगण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात स्त्रियांचा विभाग त्यांच्याकडे होता. तिथल्या बायकांचे त्यांनी फोटो काढले आणि १८५६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या प्रयोगाचे समर्थन केले. त्यांतल्या एका बाईची कथा आपल्या विषयाशी फार जवळची आहे. बाळंतपणानंतर तिच्या मनाचा तोल गेला होता. डायमंड यांनी तिचे चार फोटो काढले आणि जॉन कोनॉली या डॉक्टरांनी १८५८ साली त्यांवरून तयार केलेली चित्रे लेखासह प्रसिद्ध केली. पहिल्या चित्रातला विस्कटलेला जीव टप्प्याटप्प्याने सावरत चौथ्या चित्रात शांत, नीटनेटक्या पोशाखात दिसतो.

चार फोटो, दोन नव्हेत! त्यामुळे बरे होणे ही एक उडी नसून वाट आहे, हे पाहणाऱ्याला कळते. दोन चित्रांच्या चौकटीत नेमकी ही वाट गाळली जाते. मधल्या रात्री, मधले ठणके, मधला पस्तावा यांचा तिथे मागमूस नसतो. डायमंड यांच्या कामाला एक गालबोट मात्र आहेच. ज्या बाईला स्वतःचे भान नाही, तिची संमती कोण घेणार? तो प्रश्न त्या काळात कोणाला पडलाही नाही.

अमेरिकेच्या यादवी युद्धात या चित्रांना नवे काम मिळाले. न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य गर्डन बक यांच्याकडे कार्लटन बर्गन नावाचा एक सैनिक आला. त्याचे तोंड गोळीने उडाले नव्हते; आजारपणात दिलेल्या पाऱ्याच्या औषधाने वरचा जबडा आणि गाल सडून गेला होता. बक यांनी अनेक शस्त्रक्रिया करून त्याला पुन्हा चेहरा दिला आणि टप्प्याटप्प्याचे फोटो राखले. ‘आधी’ला इथे खुद्द वैद्यकच कारण झाले होते, आणि तेही फोटोत लपले नाही.

परंतु साक्षीदार प्रामाणिक असतो, अशी एकदा ख्याती झाली, की त्याला विकत घेणारे निघतातच. लंडनच्या पूर्व भागात अनाथ मुलांसाठी झटणारे डॉ. टॉमस बार्नार्डो यांनी १८७० नंतर मुलांच्या जोडचित्रांची कार्डे विकून देणग्या जमविल्या. डावीकडे चिंध्या पांघरलेला, मळकट, अनवाणी पोरगा. उजवीकडे तोच स्वच्छ गणवेशात काम शिकणारा. पाहणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जाई. पुढे त्यांच्यावर आरोप झाले आणि १८७७ साली पंचांसमोर चौकशी झाली. मुले जशी सापडली तशीच नेहमी टिपली जात नव्हती, हे तिथे उघड झाले. फोटोसाठी त्यांचे कपडे अधिक फाटके करण्यात येत. आपण एकेका मुलाचे नव्हे, तर त्या साऱ्या वर्गाचे चित्र दाखवीत होतो, असा बचाव झाला. पंचांनी संस्थेचे काम मान्य केले. ही चित्रांची रीत मात्र मान्य केली नाही.

या खटल्यातली मेख पाहण्यासारखी आहे. उजवीकडचे चित्र खोटे नव्हते. मुलाला खरोखर अन्न मिळाले होते, वस्त्र मिळाले होते. लबाडी होती ती डावीकडे. उजवीकडचे सुख मोठे दिसावे म्हणून डावीकडचे दुःख वाढविले होते. जोडचित्र पाहताना आपली नजर सहज उजवीकडे धावते. बनाव मात्र बहुधा डावीकडे रचलेला असतो.

पहिल्या महायुद्धाने या कलेला पुन्हा माणुसकीच्या वाटेवर आणले. तोफगोळ्यांनी चेहरे उडालेले हजारो तरुण इंग्लंडला परत येऊ लागले. हॅरल्ड गिलीज या शस्त्रवैद्याने १९१६ साली आल्डरशॉटच्या लष्करी इस्पितळात आणि १९१७ पासून सिडकपच्या क्वीन्स हॉस्पिटलात त्यांना चेहरे परत देण्याचे काम मांडले. पुण्याच्या कारागिराने भुवयांमधली पट्टी रक्तासाठी जोडून ठेवली होती. गिलीजने कातड्याची नळी वळून तीच युक्ती आणखी पुढे नेली. नवे कातडे रुजेपर्यंत जुन्या जागेशी त्याचे नाते तोडायचे नाही, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. त्याच्यासोबत हेन्री टाँक्स होते. ते मूळचे शस्त्रवैद्य, पण पुढे लंडनच्या स्लेड कलाशाळेत चित्रकला शिकवू लागले. कृष्णधवल फोटोत मांसाचा रंग येत नाही, म्हणून त्यांनी रंगीत खडूंनी या सैनिकांचे चेहरे काढले. एकेका सैनिकाच्या कागदपत्रांत फोटो, आकृत्या, टिपणे अशी सारी वाटचाल नोंदलेली असे. आणि ही चित्रे लोकांना दाखविण्यासाठी नाहीत, असेच टाँक्स यांचे मत होते. ज्या तरुणांच्या नजरेला पडू नयेत म्हणून इस्पितळातून आरसे दूर ठेवले जात, त्यांच्या चेहऱ्यांचे प्रदर्शन कोणी मांडावे? गिलीजने १९२० साली ग्रंथ लिहिला तो शस्त्रवैद्यांसाठी; गिऱ्हाइकांसाठी नव्हे.

इथपर्यंतच्या साऱ्या ‘आधी’ एकवार आठवून पाहा. कावसजीच्या ‘आधी’ला शत्रूची सुरी कारण होती. त्या बाळंतिणीच्या ‘आधी’ला आजार, बर्गनच्या ‘आधी’ला विषारी औषध, सिडकपच्या सैनिकांच्या ‘आधी’ला तोफ. प्रत्येक ठिकाणी काहीतरी हिरावले गेले होते आणि ते परत द्यायचे होते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मात्र एक नवीच गोष्ट घडली. बर्लिनच्या याकोब योझेफ यांनी १८९६ साली एका मुलाचे पुढे आलेले कान मागे घेतले आणि १८९८ साली एका माणसाचे मोठे नाक लहान करून दिले. कान धड होते, नाक धड होते. दुखत होते ते मन. लोक हसतात म्हणून माणूस चारचौघांत जात नसेल, तर तेही दुखणेच, असे योझेफ यांचे म्हणणे. ते अगदी खोटे म्हणवत नाही. पण त्या दिवसापासून डावीकडच्या चौकटीत निरोगी शरीर येऊन बसले, आणि ‘आधी’ हा शब्द अपघाताचा राहिला नाही, तो दोषाचा झाला.

पुढचे पाऊल बाजाराने टाकले. अमेरिकेत वैद्यकीय संघटनेने डॉक्टरांच्या जाहिरातींवर घातलेली बंधने व्यापार आयोगाने बेकायदा ठरविली आणि १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात तोच निर्णय कायम झाला. जाहिरातींचे दार उघडले. त्याच दाराने पुढे स्त्रियांच्या गुह्यांगावरील रूपशस्त्रक्रियाही आत आली. योनिमुखाभोवतीच्या त्वचेच्या घड्या कापून लहान करणे, बाळंतपणांनी सैल झालेला मार्ग आवळणे, लेसरने तारुण्य परत आणणे, अशी तिची कामे. बाळंतपणात झालेली इजा दुरुस्त करणे किंवा अंग बाहेर येण्यावर उपाय करणे, ही गोष्ट अगदी निराळी. ती खरी गरज आहे आणि लाजेपायी ती अंगावर काढणाऱ्या आपल्या कितीतरी आया-मावश्या झाल्या. इथे प्रश्न आहे तो ज्याला काही झालेलेच नाही अशा अंगाचा.

नाक कसे असते हे साऱ्या जगाला ठाऊक असते. या अंगाचे तसे नाही. सामान्य स्त्रीने दुसरीचे पाहिलेले नसते, स्वतःचेही नीट पाहिलेले नसते. मग तिच्यापुढे दोन फोटो ठेवले आणि डावीकडचा तिच्यासारखा दिसला, की ती मनात म्हणते, म्हणजे माझ्यातच खोट आहे! २००५ साली लंडनच्या डॉक्टरांनी ५० स्त्रियांची मोजमापे घेऊन प्रसिद्ध केली. त्यांत एकीचे दुसरीशी जुळेना. घड्यांची लांबी कुठे २० मिलिमीटर, तर कुठे १००. निसर्गाने इथे साचा वापरलेलाच नाही. फोटोच्या जोडीने मात्र तो साचा तयार केला, आणि उजवीकडच्या चौकटीत नेऊन बसविला.

शिवाय हा फोटो फसवायला फार सोपा. प्रकाश वरून की समोरून, भिंग किती जवळ, पाय किती फाकलेले, त्वचा ताणलेली की सैल, एवढ्याने एकाच दिवशी काढलेले दोन फोटो ‘आधी’ आणि ‘नंतर’ होऊ शकतात. म्हणून क्लिनिकल फोटोग्राफीचा नियम असा, की अंतर, भिंग, प्रकाश, पार्श्वभूमी आणि शरीराची ठेवण दोन्ही वेळा एकच हवी; आणि ‘नंतर’चा फोटो किती दिवसांनी काढला ते लिहिलेले हवे. शस्त्रवैद्य स्वतःच्या कामाची परीक्षा घेण्यासाठी असे फोटो काढतो, तेव्हा ते त्याचे कर्तव्य असते. चुका त्यातूनच कळतात. कावसजीच्या चित्राखाली दहा महिन्यांचा उल्लेख होता, तो याचसाठी मोलाचा. शिवाय यात चेहरा नसतो. चेहरा झाकणे हे त्या स्त्रीच्या अब्रूसाठी आवश्यकच. पण त्यामुळे ही साक्ष निनावी होते. तिला कोणी उलटतपासणी करू शकत नाही. ‘बाई, आता कसे वाटते? दुखते का?’ हे विचारायला समोर कोणी नसते.

अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली आपल्याच व्यवसायबंधूंना बजावले, की अशा बऱ्याच क्रियांची सुरक्षितता आणि उपयोग सिद्ध झालेला नाही. २०१८ च्या जुलैत तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने लेसर व तत्सम यंत्रांनी ‘तारुण्य’ देण्याच्या जाहिरातींबद्दल इशारा दिला. भाजणे, व्रण आणि कायमची वेदना असे धोके त्यात सांगितले होते. जोडचित्रात यांतले काहीच दिसत नाही. वेदनेचा फोटो निघत नाही.

आपल्याकडे कायदा या बाबतीत झोपलेला नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने स्त्रीरोगांवरील आणि स्तनांच्या आकाराविषयीच्या औषधी जाहिरातींना बंदी घातली. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत डॉक्टराने आपल्या शस्त्रक्रियांची बढाई मारू नये आणि ओळख पटेल असा रोग्याचा फोटो परवानगीवाचून प्रसिद्ध करू नये, असे सांगितले आहे. परंतु नियमाचे हात तोकडे आणि फोटोचे पाय लांब. शिवाय परवानगी म्हणजे काय, हाही प्रश्न आहेच. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, घाबरलेल्या बाईपुढे दहा कागद ठेवले आणि त्यांतल्या एकावर तिची सही झाली, तर तिला परवानगी म्हणावे काय? उपचारासाठी फोटो काढू देणे वेगळे, शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवू देणे वेगळे आणि गिऱ्हाइकांपुढे मांडू देणे वेगळे. तीन गोष्टींना तीन वेगळे होकार हवेत; आणि तिसऱ्याला नकार दिला म्हणून उपचारात उणे येता कामा नये.

तेव्हा घरातल्या लेकी-सुनांपुढे कधी अशी दोन चित्रे आली, तर त्यांनी उजवीकडच्या चित्राने भुलण्याआधी डावीकडच्यापाशी थोडे थांबावे. या अंगाला झाले काय होते? दुखत होते, अडत होते, की केवळ कुणीतरी नावे ठेवली होती? कोणी नावे ठेवली? मग मधल्या दिवसांची चौकशी करावी आणि ‘नंतर’ म्हणजे किती महिन्यांनंतर, तेही विचारावे. जो डॉक्टर या प्रश्नांची उत्तरे शांतपणे देईल, त्याच्याकडे जायला हरकत नाही. आणि तो खरा असेल तर पुष्कळ वेळा तोच सांगेल, की बाई, हे असेच असते, घरी जा.

कावसजीला नव्या नाकाची गरज होती, कारण त्याचे नाक कोणीतरी खरोखर कापून नेले होते. ज्याचे काही गेलेलेच नाही, त्याला आधी नकटा म्हणायचे आणि मग नाक विकायचे, हा व्यापार पुण्याच्या त्या अनामिक कारागिराला समजलाही नसता.